प्रेमकथेला परवाना कुणाचा?

कोल्हापुरातल्या कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात शिरा, मांडणी ठरलेली असते. दर्शनी टेबलावर 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत'. त्याला खेटूनच 'रिच डॅड पुअर डॅड', 'इकिगाई', 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' आणि अंतर्मनाच्या अफाट शक्तीची पुस्तकं, सगळी मराठीतून. 14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' चित्रपट आला आणि पहिल्या टेबलाचा रुबाब आणखी वाढला. शिवाजी सावंतांची 1979 मधली कादंबरी नव्या वेष्टनात पुन्हा पोरांच्या हातात दिसू लागली, याचा आनंदच आहे. माझी तक्रार तिसऱ्या टेबलाची आहे, कारण ते आता मांडलंच जात नाही. प्रेमाची कादंबरी, म्हणजे जिच्यात किल्ला नाही, युद्ध नाही, पुराण नाही, नुसतं दोन माणसांचं एकमेकांवाचून अडणं आहे, ती शोधायची तर कोपऱ्यातल्या निम्म्या किमतीच्या ढिगाऱ्यात हात घालावा लागतो. विचारलं तर विक्रेता म्हणतो, आता कोण वाचतंय. मला हे उत्तर पटत नाही. वाचकाची प्रेमकथेची भूक मुळीच मेलेली नाही. ती ऐतिहासिक कादंबरीने परस्पर आपल्या नावावर करून घेतली, आता ऐतिहासिक कादंबरीला प्रेरणेची पुस्तकं गिळू पाहताहेत, आणि हे सगळं होताना मराठी समीक्षा संकोचाने खाली मान घालून बसली.

हे कोल्हापुरात व्हावं याचा राग जास्त येतो. 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणारं हे शहर. देशातला सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा 1945 साली झाला तो कोल्हापूर संस्थानात. राजाराम कॉलेजात ना. सी. फडके तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत होते आणि 1938 मध्ये शिरोड्याची मास्तरकी सोडून वि. स. खांडेकर याच गावात येऊन राहिले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादाची दोन्ही टोकं काही वर्षं एकाच नगरपालिकेच्या हद्दीत नांदत होती. पुढे रणजित देसाई कोवाडहून आले, सावंत आजऱ्याहून. ज्या मेहता पब्लिशिंग हाऊसच्या यादीत आज खांडेकर, देसाई आणि इंग्रजीतून आलेली यशाची पुस्तकं शेजारी शेजारी सापडतात, त्याची मुळंही इथलीच. त्यामुळे मराठी लोकप्रिय वाचनाचं काय झालं, याचा जाब विचारायचा तर तो याच गावात विचारला पाहिजे.

फडक्यांवर आज कुणी चांगलं बोलत नाही. 'कोसला'नंतर वाढलेल्या पिढ्यांना त्यांचं नाव घेताना हसू फुटतं. टेनिस, मोटार, कॉलेजची ट्रिप, गोड नायिका, गैरसमजाचं एक पत्र, आणि शेवटी मीलन. हा उपहास मला तोंडपाठ आहे आणि तो आळशी आहे. 'जादूगार' किंवा 'दौलत' पुन्हा काढून वाचाव्यात. तर्कशास्त्राचा प्राध्यापक प्रेमासारख्या बेशिस्त गोष्टीला किती शिस्तीने हाताळतो हे बघण्यासारखं आहे. कुठली बातमी कुठल्या पात्राला किती उशिरा कळली पाहिजे, वाचकाला ती त्याच्या आधी कळावी की नंतर, नायिकेचा रुसवा किती पानं टिकला तर खरा वाटेल, याचा हिशेब एका आण्याने चुकत नाही. 1931 च्या 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी हा हिशेब उघड करून ठेवला आणि लोकांना वाटलं, कारागिरीचं गुपित सांगणारा माणूस कलावंत कसा असेल! शेवट आधीच ठाऊक असताना वाटेवर वाचकाला धरून ठेवणं हे साधं कसब नव्हे. शेवट काय होणार हे न कळल्यामुळे पान उलटणारा वाचक आणि ते कळूनही पान उलटणारा वाचक, यांत दुसऱ्याला पकडणं जास्त अवघड असतं. त्या जगात गरिबी नाही, जात बोलत नाही, पुण्याबाहेरचा महाराष्ट्र दिसत नाही, हे आक्षेप खरे आहेत. पण ते एका लेखकाच्या नजरेवरचे आक्षेप आहेत, सगळ्या प्रकारावर शिक्कामोर्तब करायला ते पुरत नाहीत.

त्याचा पुरावा बाबा कदम. कोल्हापुरात पोलीस प्रॉसिक्युटर म्हणून नोकरी केलेल्या या माणसाने फडक्यांच्या दिवाणखान्यातली प्रेमकथा उचलली आणि वाड्यात, शिकारीच्या रानात, कोर्टाच्या आवारात आणून ठेवली. त्यांचा नायक घोड्यावर बसतो, जमिनीच्या भांडणात अडकतो, खानदानाच्या अब्रूला बिचकतो आणि तरी प्रेमात पडतो. शहरी प्रेमकथेत नायिकेचा बाप बहुधा अडाणी आणि आडमुठा असतो. इथे त्याच्या आडमुठेपणामागे सातबारा आहे, भाऊबंदकी आहे, गावातलं वजन आहे. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांच्या जमान्यात या कादंबऱ्यांची पानं सुटेपर्यंत त्या हातोहात फिरत. एसटीच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, दुपारच्या विसाव्यात वाचायला मिळणारं हे मराठी होतं आणि ते वाचणाऱ्यांत मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमाशी कधीच संबंध न आलेली माणसं होती. इतका मोठा वाचक ज्याने जोडला, त्याच्या कादंबरीच्या बांधणीवर मराठी समीक्षेने गंभीर मजकूर किती लिहिला? शोधायला गेलं तर हाती लागतात ते श्रद्धांजलीचे लेख.

खांडेकरांबद्दल थोडक्यात. 'ययाति'ला 1960 मध्ये साहित्य अकादमी आणि पुढे 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, आणि कादंबरीत शर्मिष्ठा आहे म्हणून ती टिकते. कच बोलू लागला की ती व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा होते. वासनेवर विजय कसा मिळवावा, हे ऐकायला वाचक आलेला नसतो. तो ययातीची धडपड बघायला आलेला असतो.

आता 1962 हे साल घ्या. त्या वर्षी रणजित देसाईंची 'स्वामी' आली. त्याच वर्षी 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. 'स्वामी'ला 1964 चा अकादमी पुरस्कार मिळाला आणि 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी ठरवलं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एकाच मोसमातल्या या दोन पुस्तकांची नशिबं शेजारी ठेवली की आपली अभिरुची उघडी पडते. 'स्वामी' ही माधवराव पेशव्यांच्या कारभाराची कादंबरी म्हणून गाजली. निजाम, हैदर, राघोबादादांची कारस्थानं, पानिपतानंतर दौलत सावरणारा कोवळा पेशवा, हे सगळं तिच्यात आहेच. पण वाचकांना, त्यातही बायकांना, ती पाठ झाली ती रमाबाईंमुळे. मोहिमेवरून आलेला नवरा, त्याचं क्षयाने खंगत जाणं, थेऊरचा मुक्काम, आणि शेवटी 1772 मधलं सती जाणं. ही अस्सल प्रेमकथा आहे, तिची लय प्रेमकथेची आहे. देसाई राजकारणाचं प्रकरण आटोपशीर उरकतात आणि शनिवारवाड्यातल्या संध्याकाळी रेंगाळतात, हे कुणीही पानं चाळून बघावं. तरीही तिला प्रेमकथा म्हणायला आपली जीभ रेटत नाही, कारण तिच्याकडे तीन दाखले आहेत: नायक पेशवा आहे, नायिका लग्नाची बायको आहे, आणि प्रेमाचा शेवट चितेवर झाला आहे. 'श्यामा'तल्या निशिकांतकडे यातलं काहीच नव्हतं. तो कवी होता आणि त्याच्या आयुष्यात एकापाठोपाठ तीन बायका आल्या. गुन्हा काय तो एवढाच.

हा परवान्याचा नियम एकदा लक्षात आला की पुढचा सगळा प्रवास उलगडतो. संभाजीराजांचंच बघा. जुन्या नाटक-सिनेमांनी त्यांना रंगेल म्हणून रंगवलं. भालजी पेंढारकरांनी 1941 मध्ये 'थोरातांची कमळा' काढला तो त्याच मुशीतला. कागदपत्रांत त्या कमळेला आधार नाही. वा. सी. बेंद्र्यांच्या 1960 च्या चरित्राने राजांवरचा कलंक पुसला आणि 'छावा' त्याच पायावर उभी राहिली, हे योग्यच झालं. खोट्या प्रेमकथेसाठी कुणी अश्रू ढाळू नयेत. पण त्यानंतर जो साचा पडला त्यात नायकाने प्रेम करायचं ते पराक्रमाच्या मधल्या वेळात, आणि नायिकेने निरोपाचं तबक घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं. सावंतांची येसूबाई त्या तबकापेक्षा पुष्कळ मोठी आहे. त्यांच्यामागून आलेल्या कादंबऱ्यांतल्या राण्यांची नावं मात्र झाकली तर कोण कुठली हे लेखकालाही सांगता येणार नाही. या साच्याला खरा हिसका दिला तो ना. सं. इनामदारांनी, 1972 च्या 'राऊ'मध्ये. तिथे प्रेमाला परवाना नाही. घर विरोधात, धर्म विरोधात, शहर विरोधात. आणि चाळीस मोहिमांचा धनी असलेला बाजीराव मस्तानीपायी घरच्या माणसांपुढे हतबल होतो. इतिहास त्या कादंबरीत शोभेचा नाही, तो प्रेमाच्या आड उभी असलेली भिंत आहे. मराठीतली सर्वांत चांगली प्रेमकादंबरी कुठली असं विचारलं तर मी 'राऊ'चं नाव घेईन, आणि ऐतिहासिक विभागात जाऊन ती तिथून उचलून आणीन.

प्रेरणेच्या पुस्तकांना एवढी जागा द्यायची गरज नाही. पहाटे पाचला उठा, यादी करा, श्रीमंत व्हा. मात्र त्यांनी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचनाला जे वळण लावलं ते गंभीर आहे. शिवाजी महाराजांचं व्यवस्थापनकौशल्य, आग्र्याहून सुटकेतून शिकायचे धडे, कर्णाकडून घ्यायच्या गोष्टी, अशा पुस्तकांची आणि व्याख्यानांची आता रांग लागली आहे. 'मृत्युंजय'मधली वाक्यं कर्णाच्या चित्राखाली स्टेटसला लागतात. सहा पात्रांच्या तोंडून सांगितलेली, एकाचं खरं दुसऱ्याने खोडून काढणारी कादंबरी चार सुविचारांत सुकवून ठेवली जाते. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत हे वाचतात त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यांना धीर हवा असतो आणि तो देणारं दुसरं कुणी आसपास नसतं. माझं भांडण 'या पुस्तकातून काय घेतलंस?' हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारणाऱ्यांशी आहे. घरातले वडीलधारे विचारतात, शाळेतले सर विचारतात, सत्कारातले पाहुणे विचारतात. या प्रश्नापुढे यशाचं पुस्तक ताठ उभं राहतं, ऐतिहासिक कादंबरी वीरश्री दाखवून सुटते. प्रेमकथेला सांगण्यासारखं काही नसतं. दुपार छान गेली, एवढंच ती सांगू शकते, आणि हे उत्तर आपल्याकडे गैरहजेरीत धरलं जातं.

यावर काही आक्षेप येणार. पहिला, की प्रेमकथा मालिकांत गेली. मालिकेत लग्न पहिल्या महिन्यात लागतं आणि पुढची तीन वर्षं सासू-सुनेचं राजकारण चालतं. कादंबरीतल्या प्रेमाला शेवटाकडे जायचं असतं, मालिकेला शेवट परवडत नाही. दुसरा आक्षेप, की प्रेमकथा एकाच ठशाची असते. मग ऐतिहासिक कादंबरी कुठे वेगळी आहे? स्वप्न, शपथ, फितुरी, बलिदान, हा क्रम पन्नास वर्षांत किती जणांनी मोडला? ठशातून ओवी आणि अभंगही सुटलेले नाहीत. बघायचं असतं ते ठशाच्या आत कोण काय करतो ते. तिसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो: हे बायकांचं वाचन, त्यात काय वाङ्मय बघायचं. योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर यांनी नोकरी करणारी, नवऱ्याशी न पटणारी, दुसऱ्यांदा प्रेमात पडणारी बाई मराठी घरात आणली आणि त्या घरातल्या बाईने ती वाचली. अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्यांतली बाई तेव्हा बहुतेक वेळा पुरुषाच्या एकटेपणाचं निमित्त म्हणून उभी होती. आणि वाचतंय कोण म्हणणाऱ्यांनी 'प्रतिलिपी'वर मराठी विभाग उघडून बघावा. तिथे भागाभागांनी चालणाऱ्या प्रेमकथांचा खच पडला आहे, त्यात लिहिणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत आणि पुढचा भाग कधी म्हणून वाचणारे मागे लागलेले असतात. त्यातलं पुष्कळसं लेखन कच्चं आहे. संपादकाचा हात लागलेला नाही, नायक हटकून श्रीमंत आणि रागीट आहे, शुद्धलेखनाची वाट लागली आहे. पण संपादकाचा हात लागला नाही हा दोष लिहिणारीचा की त्या कथेकडे ढुंकूनही न बघणाऱ्या प्रकाशकांचा?

जानेवारी 2026 मध्ये साताऱ्याला भरलेल्या अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्षपद 'पानिपत'कार विश्वास पाटलांकडे आलं. लोकप्रिय कादंबरीकाराला तो मान मिळाला हे चांगलंच झालं. फडके आणि खांडेकरही 1940 आणि 1941 मध्ये ओळीने अध्यक्ष झाले होते. आता ज्यांना लोकप्रिय साहित्याचा पुळका आला आहे त्यांनी एक करून दाखवावं: बाबा कदमांची किंवा शैलजा राजेंची एक कादंबरी घ्यावी आणि तिच्यातल्या एका भेटीच्या प्रसंगावर चार पानं लिहावीत. संवाद कुठे तुटतो, गैरसमज कुठून सुरू होतो, लेखकाने काय लपवलं, एवढंच. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'श्यामा'ची गोष्ट निकालपत्रात सांगितली, आक्षेपार्ह म्हटलेले उतारे तपासले आणि मग मत दिलं. त्या न्यायमूर्तींना निदान निकाल द्यायचा होता म्हणून तरी वाचावं लागलं. मराठी समीक्षकाने न वाचताच निकाल दिला, आणि त्यावर अपील कुठे करायचं हे काकोडकरांच्या वकिलालाही सांगता आलं नसतं.