आपद्ग्रस्तांचा सहभाग : कुर्ल्याच्या अनुभवातून एक चिकित्सा

मदत व पुनर्वसनविषयक लेखनात ‘लोकसहभाग’ ही संज्ञा आता सर्वमान्य झाली आहे. मानवतावादी मदतीची किमान मानके सांगणाऱ्या ‘स्फिअर’ पुस्तिकेच्या २००४ च्या आवृत्तीत सर्व क्षेत्रांना लागू असलेले पहिलेच मानक सहभागाचे होते. तथापि संज्ञा सर्वमान्य झाली की तिची चिकित्सा सहसा थांबते. सहभाग म्हणजे माहिती पुरविणे, की निर्णय बदलू शकणे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात कुर्ल्याच्या संदर्भात तपासला आहे.

जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजूर केलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातील रेल्वेमार्गालगतच्या कुटुंबांचे पुनर्वसन सहभागाचा आदर्श म्हणून गौरविले गेले. ‘स्पार्क’, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन व महिला मिलन यांच्या साहाय्याने वस्त्यांनी आपली गणना स्वतः केली, हे त्याचे बलस्थान होय. परंतु सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यासाठी कुर्ल्यातील दुकानदारांना हलविण्याची वेळ आली, तेव्हा ही चौकट अपुरी ठरली. घर गमावणाऱ्यास छप्पर हवे असते. दुकानदारास छपराबरोबर गिऱ्हाईकही लागते. २००४ मध्ये तेथील दुकानदारांच्या संघटनेने जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळाच्या डिसेंबर २००५ च्या अहवालात सल्लामसलत, उपजीविका व तक्रारनिवारण यांतील उणिवा नोंदविल्या गेल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचा निधी काही काळ रोखला.

येथे सहभाग मुळीच नव्हता, असे म्हणता येणार नाही. मात्र एखादी संस्था मध्यस्थ म्हणून नेमली की संपूर्ण वस्ती एकजिनसी मानली जाते. मालक, भाडेकरू, दुकानदार व घरकामगार स्त्रिया यांचे हितसंबंध भिन्न असतात, याचा विसर पडतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की पुनर्वसनात विचारविनिमयास अवधी असतो, आपत्तीत तो नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठचा कुर्ला बुडाला. त्या दिवसापुरता हा आक्षेप ग्राह्य धरता येईल. परंतु जुलै २०१९ मध्येही नदीकाठच्या क्रांतीनगरातून सुमारे एक हजार रहिवाशांना हलवावे लागले. जी आपत्ती पुनःपुन्हा येते, तिच्याबाबत वेळ नव्हता ही सबब टिकत नाही. कोणाला आधी हलवावे, कोठे न्यावे, घरातील सामानाचे काय करावे, हे पावसाळ्यापूर्वीच रहिवाशांना विचारता येते.

२०१४ च्या ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’मध्ये सहभाग व तक्रारनिवारण या दोन स्वतंत्र बांधिलक्या आहेत. कुर्ल्याचा अनुभव सांगतो की दुसरीवाचून पहिली पोकळ राहते. सभेची उपस्थिती नोंदविणे सोपे आहे. लोकांच्या हरकतीमुळे योजनेत कोणता बदल झाला, याची नोंद क्वचितच आढळते. कुर्ल्यातील दुकानदारांना आपले म्हणणे मांडण्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत जावे लागले. त्याचे उत्तर मुंबईतच मिळावयास हवे होते.