जनाबाईच्या अभंगांतील ‘माय’ : एक संबोधनविचार

बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान भाविकांत ‘धाकटी पंढरी’ म्हणून परिचित आहे. आषाढी एकादशीला तेथे जमणाऱ्या समुदायात एक संबोधन सतत कानी पडते : ‘माउली’. वृद्धाने तरुणाला, स्त्रीने पुरुषाला, अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला वापरावे असे ते आहे. त्याचा अर्थ बहुधा वात्सल्यभक्तीच्या परिभाषेत सांगितला जातो. तो चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. ज्याची आई खरोखरच गेली आहे त्याच्या तोंडी हा शब्द कोणते कार्य करतो, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ पुरता हाती लागत नाही. आणि हे पाहण्यास जनाबाईच्या अभंगांसारखे दुसरे साधन नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृत ‘मातृ’पासून प्राकृतातील ‘माउ’, व त्याला लडिवाळपणाचा प्रत्यय लागून ‘माउली’ हे रूप सिद्ध होते. ‘मावशी’ हा शब्दही ‘मातृष्वसा’पासून, म्हणजे ‘आईची बहीण’ या अर्थापासून आलेला आहे. आई त्याच्या पोटातच आहे. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण याच ज्ञानावर उभी आहे. उलट ‘सावत्र’ हा शब्द ‘सवत’ या शब्दाच्या कुळातला. त्यात मुलाशी असलेला संबंध नाही, दोन स्त्रियांमधील स्पर्धा आहे. आईच्या पश्चात मुलाला कोण जवळ घेईल, याविषयीचा समाजाचा अनुभव भाषेने असा शब्दांतच साठवून ठेवला आहे.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात गंगाखेडला जाते. परंपरेनुसार जनाबाई तेथली. लहानपणीच आईबापांना अंतरलेली ही मुलगी पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी वाढली. नामदेवांचा काळ इ. स. 1270 ते 1350 असा मानतात. जनाबाई त्यांची समकालीन. तिच्या नावावरील सर्वच अभंग एका हातचे आहेत असे म्हणता येत नाही. तथापि त्यांतील संबोधनांची रीत विलक्षण एकजिनसी आहे. नामदेवांच्या कुटुंबाची मोजदाद करणाऱ्या एका अभंगात गोणाई, राजाई, मुलगे, सुना, लेक, बहीण असे प्रत्येकाला नाते आहे. जनीला मात्र नाते नाही, पद आहे : दासी. घर मिळाले, आश्रय मिळाला. परंतु नात्याच्या पंक्तीतील जागा रिकामीच राहिली.

ही जागा विठ्ठलाला देताना जनाबाई त्याचे व्याकरणच बदलते. ‘विठोबा’चा ‘विठाबाई’ होतो, आणि हाक मारताना स्त्रीसंबोधक ‘ग’ येतो. हा केवळ अलंकार असता तर नामाचे लिंग बदलून काम भागले असते. येथे कामेही बदलतात. हा देव जनीबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिला न्हाऊ घालतो, तिची वेणी घालतो. पोरक्या मुलीच्या अंगावर मायेने फिरणारा हात नसतो; नेमकी तीच उणीव हे अभंग भरू पाहतात. मातृत्व येथे जन्माने ठरत नाही, हाताने ठरते.

याहून महत्त्वाचे आहे ते दुसरे संबोधन : ‘विठ्या’. ज्याला ‘बाई’ म्हटले त्यालाच जनाबाई एका अभंगात ‘अरे’ म्हणून शिव्याशाप देते. भाष्यकार यास ‘प्रेमकलह’ म्हणतात आणि पुढे जातात. परंतु परक्या घरी वाढणारे मूल सहसा रुसत नाही. त्याला कृतज्ञ राहावे लागते. रुसणे, भांडणे, टाकून बोलणे हा आईजवळचा हक्क आहे. म्हणून जनीला माय मिळाल्याची खरी खूण ‘विठाबाई’ या आर्जवात जितकी आहे, त्याहून अधिक ‘विठ्या’ या उद्धटपणात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. राबणाऱ्या दासीने कल्पनेत उभारलेले हे सांत्वन असून त्यामुळे तिच्या कष्टांवर पडदाच पडतो, असे कोणी म्हणेल. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. देव दळू लागतो, पण दळण संपत नाही; दासीपणही सुटत नाही. मात्र अभंग हे लपवीत नाहीत. आईबापांच्या मृत्यूचा उल्लेख तेथे उघड, साध्या भूतकाळी क्रियापदांनी येतो, आणि नंतरच सांभाळ करण्याची विनवणी येते. गेलेल्या आईच्या जागी दुसरी आली असा दावा कोठेही नाही. गेलेली गेलीच, आता सांभाळणारे कोण, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील कित्येक मुले आजीच्या, मावशीच्या हाती राहतात. काहींचे आईबाप कायमचेच गेलेले असतात. नारायणगडावर ‘माउली’ हा शब्द सर्वांना सहज मिळतो, आणि सहज मिळणारा शब्द झिजतो. जनाबाईच्या कसोटीने तो पारखावयाचा तर दोन गोष्टी पाहाव्या लागतील : तो उच्चारणारा कोणाच्या कामाला हात लावतो काय, आणि ज्याला तो लाभला त्या पोरक्या मुलाला रुसण्याची मुभा आहे काय.