उंबरठ्यावरचे गीत : गोंधळातील आवाहन आणि जपानी चित्रमालिकांचे शीर्षकगीत

मराठी समीक्षेने गीताचा विचार बहुधा कवितेच्या अंगाने, म्हणजे शब्दसंहिता प्रयोगापासून वेगळी काढून केला. परिणामी, मोठ्या कथनाच्या आरंभी वा अखेरीस येणारे आणि त्या कथनावर अवलंबून असणारे गीत दुर्लक्षित राहिले. दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत हे त्याचे अलीकडचे रूप होय. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेशी निगडित असलेल्या गोंधळातील आवाहन हे त्याचे जुने रूप. जेरार जेनेत यांनी १९८७ साली शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांना ग्रंथाचे ‘उंबरठे’ म्हटले. ही संकल्पना गीताला लावली असता प्रश्न उभा राहतो तो असा : अशा गीताचा अर्थ त्याच्या शब्दांत असतो की स्थानात?

गोंधळ हा कुळाचार आहे. घरी मंगलकार्य झाले की चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी देवदेवतांना, ज्याच्या त्याच्या ठाण्याचे नाव घेऊन, गोंधळास पाचारण करतो. उत्तररंगात आख्यान येते. आरतीने सांगता होते. आवाहनातील नामावळी कागदावर वाचल्यास ती केवळ यादी वाटेल. प्रयोगात मात्र ती श्रोतृवर्ग घडवते : देव आले, आता कथा सांगता येईल. ती भाषिक कृती आहे आणि तिची फलश्रुती पुढील आख्यानात आहे.

जपानमध्ये १९६३ साली ‘तेत्सुवान आतोमु’ ही अॅनिमेशन मालिका सुरू झाली. आरंभीच्या भागांत तिच्या शीर्षकावर केवळ वाद्यसंगीत होते. शब्द नंतर आले आणि ते लिहिले शुंतारो तानिकावा या आधुनिक जपानी कवितेतील अग्रगण्य कवीने. या परंपरेतील जुनी गीते नायकाचे नाव घेतात, त्याचे सामर्थ्य वर्णितात आणि दर आठवड्याला त्याला जणू बोलावतात. पुढे ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा व्यवहार वाढला आणि लोकप्रिय गायकांची, कथेचा उल्लेखही नसलेली गीते मालिकांना जोडली जाऊ लागली. येथे गीत कथेपासून तुटले, असा निष्कर्ष सहज सुचतो. पण तो पुरता खरा नाही. १९८७ च्या ‘सिटी हंटर’ मालिकेत टीएम नेटवर्कचे ‘गेट वाइल्ड’ हे समाप्तीगीत शेवटचा प्रसंग संपण्याआधीच सुरू होते. शब्दांत नायक नाही, तरी त्या स्थानामुळे गीत त्याचेच होते.

भारतीय उदाहरण याहून बोलके आहे. १९८९-९० मधील जपानी ‘जंगल बुक’ मालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा चित्रे जपानीच राहिली; शीर्षकगीत मात्र गुलजार यांनी नव्याने लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले. घर तेच, उंबरठा नवा. किपलिंगच्या कथेचा जपानी अवतार येथील मुलांना आपला वाटला, यात या उंबरठ्याचा वाटा मोठा आहे. चित्र भाषांतराविना प्रवास करू शकते. आवाहन मात्र श्रोत्याच्या भाषेतच करावे लागते.

मराठीत ‘आभाळमाया’चे (१९९९) मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेले आणि अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत व्यक्ती वा स्थळाचे नाव न घेता कथेची भाववृत्ती तेवढी सुचवते. तेही आपल्या जागी सार्थ आहे, कारण त्यामागून कथा येते. याउलट रंगमंचीय वा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात गोंधळाचे आवाहन आणि संबळाचा ठेका तेवढा उचलला जातो, तेव्हा एक शब्दही न बदलता अर्थ बदलतो. देवांना बोलावले जाते; पण ज्यासाठी बोलावले ते आख्यान होतच नाही.

सुटे आवाहनही श्रोत्यास भारून टाकते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु भारून जाणे आणि कथेसाठी सिद्ध होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. लोकसाहित्याचे संकलन करताना गीतांचे शब्द जपले आणि त्यांचा क्रम गमावला, तर हाती उरतो तो घराविना उंबरठा. म्हणूनच गोंधळाच्या संपादित संहितेत कोणत्या पदानंतर कोणते आख्यान आले, याची नोंद पाठभेदांइतकीच आवश्यक ठरते.