खलनायकासाठी शोक : निळू फुले यांच्या निधनानंतरच्या लोकभावनेविषयी

निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा चार दशके त्यांच्या पडद्यावरील रूपाचा तिरस्कार करणारा प्रेक्षकवर्गच शोकाकुल झाला. बायाबापड्या ह्या नटाच्या नावाने बोटे मोडीत, असे सांगितले जाते. मग हा शोक नेमका कोणासाठी होता?

ह्या प्रश्नाला श्रद्धांजलीपर लेखनाने एक सोपे उत्तर दिले : पडद्यावर दुर्जन, जीवनात सज्जन. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील सहभाग, साधी राहणी, हे सर्व खरेच आहे. परंतु ह्या उत्तराने माणसाचा गौरव होतो आणि नट मात्र बाजूला पडतो. भूमिका हा जणू सज्जनाने पोटासाठी चढविलेला मुखवटा ठरतो, आणि त्या मुखवट्यात आपल्या गावचा पुढारी ओळखणारा प्रेक्षकही त्या ओळखीच्या जबाबदारीतून सुटतो.

'सामना' ह्या, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविल्या गेलेल्या, चित्रपटातील हिंदुराव धोंडे-पाटील पाहावा. हा साखरसम्राट आरडाओरड करीत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या मास्तरला तो घरी आणतो, त्याचा पाहुणचार करतो. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारू लागतो, तेव्हाच त्या अगत्यामागील दहशत हळूहळू उघडी पडते. सत्ता लोभसही असते, हे येथे फुले यांच्या संथ, लडिवाळ उच्चारातून कळते. उलट 'सिंहासन' (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा केवळ साक्षी आहे. त्याचे अखेरचे वेडसर हास्य त्याच नटाचे आहे. तेव्हा 'खलनायक' ही संज्ञा ह्या अभिनयाला पुरत नाही.

ह्या नटाची जडणघडण 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगनाट्यात झाली होती, हेही विसरता येत नाही. लोकनाट्याचा प्रेक्षक सोंग आणि सोंगाडी एकाच वेळी पाहतो. सोंगाला शिव्या देताना सोंगाड्याला दाद देतो. त्या दृष्टीने तिरस्कार आणि शोक ह्यांत विरोध उरत नाही. बोटे मोडणे हीही दादच होती. लोकांनी त्याच नटाला निरोप दिला, ज्याने त्यांच्या भोवतीच्या सत्तेला चेहरा दिला होता. श्रद्धांजलींनी सज्जनपणाची ग्वाही दिली. त्या चेहऱ्याचे विवेचन मात्र समीक्षेकडे अद्याप बाकी आहे.