कथा, श्रद्धा आणि इतिहास : शाळेतील ख्रिस्ती धर्मोदयाचा पाठ

धर्म शिकविणे आणि धर्माविषयी शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट विहाराची, चर्चची, मशिदीची, दुसरी शाळेची. हा भेद मान्य करणारे पुष्कळ भेटतात. परंतु वर्गात फळ्यासमोर उभे राहिल्यावर तो पाळणारे विरळा. एखाद्या धर्माच्या उगमाचा पाठ मुलांना द्यावयाचा म्हटले म्हणजे शिक्षक एक तर भाविकाची भाषा बोलू लागतो, नाही तर उपहासाची. तिसरी भाषा, म्हणजे पुराव्याची भाषा, शाळेत फारशी रुळलेली नाही. ख्रिस्ती धर्माचा उदय शाळकरी मुलांना कसा शिकविला जातो, याचा विचार आम्ही येथे इंग्लंडच्या उदाहरणावरून करीत आहोत. इंग्लंड अशासाठी की, तेथे हा विषय कायद्यानेच शाळेत आणला आहे. आणि अशासाठीही की, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन या परिसरात स्थायिक झालेल्या आंबेडकरानुयायी बौद्ध कुटुंबांच्या मुलांपुढे शाळेत हाच विषय येतो.

इंग्लंडमध्ये 1870 च्या शिक्षण कायद्याने सार्वजनिक शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकविण्यास मनाई केली आणि धर्माच्या तासापासून पाल्याला दूर ठेवण्याचा हक्क पालकांना दिला. 1944 च्या कायद्याने मात्र धार्मिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याचा अभ्यासक्रम चर्च ऑफ इंग्लंड, इतर पंथ, शिक्षक आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरण यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून संमत करावयाचा, अशी योजना झाली. 1988 च्या सुधारणा कायद्याने या संमत अभ्यासक्रमाला एक अट घातली. देशाच्या धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत हे वास्तव त्यात प्रतिबिंबित व्हावे आणि इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली जावी, अशी ती अट होय. पालकांचा हक्क इंग्लंडमध्ये आजही कायम आहे. एवढी रचना पाहून कोणीही म्हणेल की, व्यवस्था उदार आहे. ती तशी आहेही. आमचा आक्षेप कायद्याच्या हेतूवर नाही. त्यातून वर्गात पोहोचणाऱ्या आशयावर आहे.

2016 साली चर्च ऑफ इंग्लंडचे शिक्षण कार्यालय आणि 'आरई टुडे' ही संस्था यांनी 'अंडरस्टँडिंग ख्रिश्चॅनिटी' या नावाचे शिक्षक-साहित्य सिद्ध केले. त्याची मांडणी आठ संकल्पनांवर उभी आहे : देव, सृष्टी, पतन, देवाची प्रजा, देहधारण, सुवार्ता, तारण आणि देवाचे राज्य. या साहित्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. मुलाने धर्मग्रंथातील उतारा स्वतः वाचावा, त्याचा अर्थ लावावा, त्याचा श्रद्धावंतांच्या जीवनावरील परिणाम पाहावा, ही त्याची पद्धत जुन्या पाठांतरापेक्षा कितीतरी सरस आहे. परंतु आठ संकल्पनांचा हा क्रम नीट पाहावा. सृष्टी, मग पतन, मग देहधारण, मग तारण हा चर्चच्या धर्मशास्त्राने लावलेला क्रम आहे; इतिहासाने लावलेला नव्हे. 'ख्रिस्ती लोक काय मानतात' याचे उत्तर त्यातून मिळते. 'ते असे केव्हापासून आणि का मानू लागले' हा प्रश्न मात्र या चौकटीत मध्यवर्ती होत नाही.

बरे, तो प्रश्न इतिहासाच्या तासाला यावा, तर तेथेही अडचण आहे. 2014 पासून लागू असलेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवरील परिणाम आहे. अँग्लो-सॅक्सन लोकांचे ख्रिस्तीकरण आहे. लिंडिसफार्न आणि कँटरबरी आहेत. धार्मिक शिक्षण मात्र या राष्ट्रीय अभ्यासक्रमाबाहेर, स्थानिक संमत अभ्यासक्रमाच्या हाती. म्हणजे एका तासाला रोम आणि दुसऱ्या तासाला येशू! ज्या रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने येशूला क्रूसावर खिळले गेले, तो या दोन तासांच्या मधल्या फटीत हरवण्याचा धोका आहे. आमच्या मते हाच या व्यवस्थेचा मूळ दोष होय.

या फटीत काय हरवते, ते पाहू. पंतय पिलात हा इ. स. 26 ते 36 या काळात यहूदिया प्रांताचा रोमन प्रशासक होता. 1961 साली कैसरिया येथील उत्खननात त्याच्या नावाचा आणि अधिकारपदाचा उल्लेख असलेला शिलालेख सापडला. क्रूसावर खिळणे ही रोमन सत्तेची शिक्षा, आणि ती विशेषेकरून गुलामांसाठी व बंडखोरांसाठी. इ. स. पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे 6000 गुलामांना याच रीतीने रस्त्याच्या कडेला मारण्यात आले, असे रोमन इतिहासकार अॅपियनने नमूद केले आहे. येशू गालीलचा यहुदी होता. त्याची भाषा अरामी होती. त्याने स्वतः लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे पौलाची पत्रे, साधारणपणे इ. स. 50 ते 60 या काळातील. त्यानंतर सुमारे इ. स. 70 ते 100 या काळात चार शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे त्यांना नंतरच्या परंपरेने जोडली.

ही शुभवर्तमाने एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला. हा हेरोद इ. स. पू. 4 मध्ये वारला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लूक मात्र जन्माचा संबंध सीरियाचा सुभेदार क्विरिनियस याच्या नावनिशीशी जोडतो, आणि ती नावनिशी इ. स. 6 मधील. दोहोंत किमान नऊ-दहा वर्षांचे अंतर पडते. नाताळच्या नाटुकल्यात मेंढपाळ लूकचे आणि पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयाचे. दोघे एकाच गोठ्यात येऊन उभे राहतात! मुलांनी नाटुकले जरूर करावे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलापुढे हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून 'काय फरक दिसतो?' एवढेच विचारले, तर इतिहास म्हणजे काय याचा धडा त्याला एका तासात मिळेल.

आणि पुढची कथा तर आपल्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. सुमारे इ. स. 112 मध्ये बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून या नव्या लोकांविषयी सल्ला विचारला. खरे काय ते काढून घेण्यासाठी आपण दोन दासींचा छळ केल्याचे तो त्यात सहज सांगून जातो. त्या दासी त्यांच्या मंडळीत सेविका होत्या. साम्राज्याच्या दृष्टीने ज्यांना नावही नव्हते, त्या स्त्रिया या पंथात पदावर होत्या! पुढे 313 साली कॉन्स्टंटाइनच्या काळात या धर्माला मोकळीक मिळाली, 325 साली निकीया येथे सम्राटानेच धर्मपरिषद बोलावली, आणि 380 साली थिओडोसियसने निकीयाप्रणीत श्रद्धा सर्व प्रजेने पाळावी असा आदेश काढला. छळ सोसणाऱ्या दासींचा धर्म तीनशे वर्षांच्या आत राजाज्ञेचा धर्म कसा झाला? धर्मोदयाच्या पाठातील हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. 'तारण' या संकल्पनेखाली तो विचारताच येत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या चिकित्सेची शाळकरी मुलांना गरज काय? कथा गोड आहेत, नीती चांगली आहे, पुरे झाले. यास आमचे उत्तर असे की, कथेलाच इतिहास मानले म्हणजे त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. शुभवर्तमानांत पिलात हात धुऊन मोकळा होतो आणि मृत्यूचा दोष यहुदी जमावाकडे जातो. त्याच पिलाताला समकालीन यहुदी लेखक फिलो क्रूर आणि निष्ठुर म्हणतो. परंतु शतकानुशतके मुलांनी ऐकला तो पहिलाच पाठ. येशू स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे पहिले अनुयायी यहुदी; तरीही 'यहुद्यांनी येशूला मारले' हे वाक्य युरोपात पिढ्यान्‌पिढ्या एका संपूर्ण समाजावर शस्त्रासारखे चालविले गेले. त्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर टाकता येत नाही, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते 1965 साली, म्हणजे साठ लाख यहुद्यांच्या संहारानंतर वीस वर्षांनी. कथेने बनविलेला गुन्हेगार किती काळ शिक्षा भोगतो, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. पुरुषाच्या पायांपासून शूद्र जन्मला, ही कथा ज्यांच्या माथी इतिहास म्हणून मारली गेली, त्यांचेच आम्ही वंशज आहोत.

म्हणून वर्गात तीन प्रकारची विधाने वेगळी ठेवावीत, अशी आमची सूचना आहे : हे घडले असे पुराव्याने म्हणता येते, हे घडले असे श्रद्धावंत मानतात, आणि हे ठरविण्यास आज पुरावा पुरेसा नाही. पिलाताच्या काळात येशूला क्रूसावर मारले, हे पहिल्या प्रकारचे विधान. तो तिसऱ्या दिवशी उठला, हे दुसऱ्या प्रकारचे. तो नेमक्या कोणत्या वर्षी जन्मला, हे तिसऱ्या प्रकारचे. यात ख्रिस्ती मुलाच्या श्रद्धेचा अपमान नाही आणि ख्रिस्तीतर मुलावर श्रद्धेची सक्तीही नाही. 2018 साली इंग्लंडमधील धार्मिक शिक्षण आयोगाने या विषयाचे नाव 'धर्म आणि विश्वदृष्टी' असे करावे, अशी शिफारस केली. नाव बदलणे चांगलेच. पण वरील भेद पाळला नाही, तर नव्या पाटीखाली जुनाच पाठ चालेल.

आता आरसा स्वतःकडे वळविणे आम्हांस भाग आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या काही धम्मवर्गांत मुलांना असे ठासून सांगितले जाते की, येशू तरुणपणी भारतात आला, बौद्ध भिक्खूंजवळ शिकला आणि मग परत जाऊन त्याने तेच सांगितले. या समजुतीचा उगम निकोलाय नोटोविच याने 1894 साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. लडाखच्या हेमिस मठात आपणांस येशूचे चरित्र सापडले, असा त्याचा दावा होता. मॅक्सम्युलरने त्याच वर्षी तो खोडून काढला. 1895 साली आग्रा येथील प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी असा कोणताही ग्रंथ मठात नसल्याचे स्पष्ट सांगितले. तरी ती कथा आपल्याकडे चालते, कारण ती आपल्याला आवडते. ख्रिस्ती शाळेतील कथेला पुरावा मागणारे आम्ही, आमच्या आवडीच्या कथेला मात्र पुरावा मागत नाही. हा कोणता न्याय?

वास्तविक पुरावा असलेली गोष्टच अधिक रम्य आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडील पाच ग्रीक राजांची नावे आहेत आणि तेथवर आपला धम्मविजय पोहोचल्याचे तो सांगतो. त्यावरून संपर्क सिद्ध होतो. येशूचे शिष्यत्व नव्हे. याउलट 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबी आणि जॉर्जियन भाषांतून बदलत बदलत ग्रीक व लॅटिनमध्ये 'जोसाफट' झाला, आणि भगवान बुद्धांची चरित्रकथा मध्ययुगीन युरोपात एका ख्रिस्ती संताची कथा म्हणून वाचली गेली. 27 नोव्हेंबर हा त्या संताचा स्मरणदिन रोमन चर्चने नोंदविला. ही गोष्ट मुलांना सांगावी. तिला कागदोपत्री आधार आहे.

हीच कसोटी स्वतःच्या परंपरेस लावण्याचा धडा बाबासाहेबांनी आपणांस दिला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी प्रश्न उभा केला की, एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे? परंपरागत कथा बाजूस सारून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा पुढे आणला. पालि त्रिपिटक सिंहलद्वीपात ग्रंथबद्ध झाले ते इ. स. पू. पहिल्या शतकात, तथागतांनंतर काही शतकांनी, हेही आमच्या मुलांना माहीत असावयास हवे. त्याने धम्माचे काही उणे होत नाही. मार्ग दाखविणाऱ्याची थोरवी त्याच्या जन्मकथेतील चमत्कारांवर अवलंबून नसते.

आपल्या देशात तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 28 ने पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई केली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात निर्वाळा दिला की, धर्मांचा अभ्यास या मनाईत येत नाही. दार उघडे आहे. त्या दारातून वर्गात इतिहास येणार की पुराण, हे शिक्षकावर अवलंबून राहील आणि पालकांच्या जागरूकतेवरही. ख्रिस्ती धर्माच्या उदयाचा पाठ प्रामाणिकपणे ऐकलेले मूल उद्या कोणत्याही धर्माच्या पाठाला, आमच्याही, हात वर करून विचारील, 'हे कशावरून?' केसपुत्त नगरीच्या कालामांनी शंका काढली, तेव्हा तथागतांनी त्यांना रागावले नाही. आमच्या धम्मवर्गातील शिक्षकांनीही तो वर गेलेला हात खाली दाबू नये.