सुरक्षा झडप आणि दाबमापक : एका शोधेतिहासाची चिकित्सा

प्रास्ताविक

जेम्स वॅट आणि चहाची किटली ही गोष्ट आपल्याकडे शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असते. वाफेने किटलीचे झाकण उचलले गेले, ते पाहून बाल वॅटला वाफेची शक्ती उमगली आणि पुढे वाफेचे एंजिन जन्मास आले, असे या कथेचे स्वरूप आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही. न्यूकोमेनचे एंजिन १७१२ पासूनच खाणींतील पाणी उपसत होते. ग्लासगो विद्यापीठातील त्याच एंजिनाच्या एका नमुन्याची दुरुस्ती वॅटने १७६३-६४ मध्ये हाती घेतली आणि १७६५ मध्ये त्यास स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली. परंतु या कथेतील कालविपर्यासापेक्षा अधिक महत्त्वाची अशी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. झाकण उचलले जाते, म्हणूनच किटली फुटत नाही. कथा ज्या घटनेला वाफेच्या शक्तीचे प्रतीक मानते, ती घटना वस्तुतः सुरक्षा झडपेचे कार्य होय.

वाफयुगाचा इतिहास लिहिताना शक्तीच्या शोधांना मध्यवर्ती स्थान मिळाले आणि शक्तीला आवर घालणारी उपकरणे, म्हणजे सुरक्षा झडप आणि दाबमापक, तळटीपेत गेली. जेथे त्यांचा उल्लेख होतो तेथेही तो ‘अमुक साली अमुक व्यक्तीने अमुक शोध लावला’ अशा सनावळीच्या रूपातच होतो. या सनावळीच्या पद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शोधाचे श्रेय कोणास दिले जाते, अपघाताचा दोष कोणाच्या माथी येतो आणि ही दोन्ही कथने मुळात कोणाच्या साक्षीवर उभी आहेत, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

१. झडपेचा उगम

सुरक्षा झडपेचे जनकत्व सर्वसाधारणपणे डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे दिले जाते. पापँने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आपले ‘डायजेस्टर’ मांडले आणि १६८१ मध्ये त्यावरील पुस्तक प्रसिद्ध केले. हे यंत्र म्हणजे घट्ट झाकणाचे एक भांडे होते. वाढलेल्या दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, त्यामुळे हाडेदेखील त्यात शिजून मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून झाकणातील छिद्रावर तरफेने व वजनाने दाबलेली झडप बसविली होती. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर हा या भांड्याचा थेट वंशज असून त्याची ‘शिट्टी’ ही वजनाने दाबलेल्या झडपेचेच रूप आहे.

सनावळी येथे थांबते. पुढचा प्रश्न विचारत नाही. झडप उपलब्ध असूनही पुढील शतकभर ती एंजिनाच्या इतिहासात दुय्यम का राहिली? १७१७ च्या सुमारास देसागुलिये याने सेव्हरीच्या एंजिनाला पापँची झडप जोडली हे खरे. परंतु न्यूकोमेन व वॅट यांच्या एंजिनांतील वाफेचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा थोडाच अधिक असे. त्यांचे कार्य वाफेच्या रेट्यावर कमी आणि संघननाने निर्माण होणाऱ्या निर्वातावर अधिक अवलंबून होते. वॅटचा तर उच्च दाबास विरोधच होता. एखादे उपकरण तयार होणे आणि त्याची गरज निर्माण होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, हे येथे दिसून येते. शोधाची तारीख केवळ पहिली घटना नोंदविते.

२. ग्रिनिच, १८०३ : साक्ष कोणाची?

वॅटच्या एकाधिकाराची मुदत १८०० मध्ये संपली आणि रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्चदाब एंजिनांना वाट मोकळी झाली. सप्टेंबर १८०३ मध्ये ग्रिनिच येथे त्याच्या एका एंजिनाचा ओतीव लोखंडाचा बॉयलर फुटला व चार माणसे मृत्युमुखी पडली. या अपघाताची जी हकीकत पुढे पुस्तकांतून आली ती अशी : एंजिनाची देखरेख करणारा मुलगा ईल मासे धरावयास गेला होता. त्याने एंजिन एका मजुरावर सोपविले. मजुराने एंजिन बंद केले, पण झडपेच्या तरफेवरील अडसर काढला नाही. वाफेस वाट न मिळाल्याने बॉयलर फुटला.

ही हकीकत खोटी असावी असे म्हणण्यास आधार नाही. मात्र तिचा उगम लक्षात घ्यावयास हवा. ती स्वतः ट्रेव्हिथिकने आपले मित्र डेव्हिस गिडी यांना लिहिलेल्या पत्रातून आली आहे. बोल्टन व वॅट ही प्रतिस्पर्धी पेढी या अपघाताचे भांडवल करील, अशी भीतीही त्याच पत्रात आहे. म्हणजे साक्षीदार हा यंत्राचा रचनाकार आहे, आणि रचना सदोष ठरली तर सर्वाधिक हानी त्याचीच होणार आहे. मुलाची किंवा मजुराची साक्ष आपणांपर्यंत पोचलेली नाही.

याहून बोलकी आहे ती ट्रेव्हिथिकची पुढील कृती. त्याने एकाऐवजी दोन झडपा व दाबमापक वापरण्याचे ठरविले. पाणी कमी होऊन बॉयलरचा पत्रा तापल्यास वितळून वाफेला वाट देणारा शिशाचा बूचही त्याने योजला. शब्दांत दोष मुलाकडे गेला, तर कृतीत रचनाकाराने तो स्वतःकडे घेतला. इतिहासकारांनी शब्द उचलले आणि कृतीची नोंद ‘सुधारणा’ या सदराखाली केली.

३. दाब दिसू लागतो

सुरक्षा झडप दाब सोडते, पण तो किती आहे हे सांगत नाही. वॅटच्या काळी त्यासाठी पाऱ्याची उघडी नळी पुरत असे. एका वातावरणाइतक्या दाबाला ७६० मिलिमीटर पारा लागतो. दाब पाच वातावरणे झाला की जवळजवळ ३.८ मीटर उंचीची नळी हवी. धावत्या रेल्वे एंजिनावर काचेची अशी नळी वागविणे अव्यवहार्य होते. त्यामुळे दाब सर्वाधिक धोकादायक झाला नेमक्या त्याच काळात तो मोजणे अवघड झाले.

ही अडचण यूजेन बूर्दाँ याने दूर केली. चपट्या छेदाची वाकविलेली नळी आतून दाब मिळताच सरळ होऊ पाहते, आणि तिच्या मोकळ्या टोकाची ही हालचाल दात्यांच्या साहाय्याने काट्याकडे पोचविता येते. या तत्त्वावरील दाबमापकाचा एकाधिकार त्याने १८४९ मध्ये फ्रान्समध्ये घेतला आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते उपकरण जगापुढे आले. परंतु ‘बूर्दाँचा शोध’ हे श्रेयही निर्विवाद नव्हते. निर्द्रव वायुदाबमापकाचा निर्माता ल्युसियाँ विदी याने लवचीक धातूच्या विरूपणातून दाब मोजण्याची कल्पना आपली असल्याचे सांगून त्याच्यावर खटला भरला. त्याच सुमारास जर्मनीत माग्देबुर्ग येथे शेफर याने पातळ पडद्याच्या हालचालीवर चालणारा दाबमापक सिद्ध केला. एकच गरज अनेक ठिकाणी एकाच वेळी भासू लागली की उत्तरेही अनेक निघतात. सनावळी त्यांतील एक नाव ठेवते आणि बाकीची गाळते.

४. माणसावरील अविश्वासाची रचना

तरफेच्या झडपेचे गणित येथे पाहणे उपयुक्त ठरेल. चार इंच व्यासाच्या झडपेचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस इंच भरते. दर चौरस इंचास १०० पौंड दाब असता तिच्यावर सुमारे १,२५७ पौंडांचा रेटा येतो. दहास एक या प्रमाणाची तरफ असल्यास टोकाशी सुमारे १२६ पौंडांचे वजन पुरते. आता त्या टोकावर कोणी २५ पौंडांचे ओझे अधिक टांगले, तर झडप १०० ऐवजी सुमारे १२० पौंडांवर उघडेल. धोका आणि सुरक्षितता यांमध्ये एवढेच अंतर होते, आणि ते हाताच्या टप्प्यात होते.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात १७ जून १८३१ रोजी ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन’ या रेल्वे एंजिनाचा बॉयलर फुटला. झडपेतून निघणाऱ्या वाफेच्या आवाजाला कंटाळून फायरमनने झडप दाबून धरली, असे सांगितले जाते. तो फायरमन गुलाम होता आणि अपघातात दगावला. बहुतेक कथनांत त्याचे नाव येत नाही. त्याचा ‘अडाणीपणा’ मात्र आवर्जून येतो. त्यानंतर रेल्वे कंपनीने एंजिन आणि प्रवासी डबे यांच्यामध्ये कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक डबा जोडावयास प्रारंभ केला. गठ्ठ्यांची भिंत फायरमनच्या पाठीमागे होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कामगार झडपेशी छेडछाड करीत नसत असे प्रतिपादन करावयाचे नाही; ते करीतच. प्रश्न ते का करीत, हा आहे. चढावर गाडी ओढावयाची, वेळापत्रक पाळावयाचे, तर दाब हवा. शिवाय जुन्या झडपा ठरलेल्या दाबाच्या आधीच किंचित उचलल्या जाऊन वाफ सतत गळू देत. वाफ वाया म्हणजे कोळसा वाया, आणि त्याचा जाब कामगारास द्यावा लागे.

या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या जॉन रॅम्सबॉटमने १८५५-५६ च्या सुमारास जी झडप योजिली तीत दोन झडपा एकाच तरफेखाली असून मधल्या स्प्रिंगने ती तरफ खाली ओढलेली असे. एक बाजू दाबून धरली की दुसरी हलकी होऊन वाफ सुटत असे. कामगार छेडछाड करणारच, हे या रचनेचे गृहीतक होते. याउलट जॉर्ज रिचर्डसनने १८६६ मध्ये एकाधिकार घेतलेली झडप ठरलेल्या दाबाला एकदम पूर्ण उघडे आणि दाब थोडासा उतरताच झटकन मिटे. तिने कामगाराला अडविले नाही. झडप बांधून ठेवण्याचे कारणच बव्हंशी नाहीसे केले. १८८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रिचर्डसनचे एकाधिकार ग्राह्य धरले. झडपेचा उपयोग व्यवहारात अशक्य व्हावा इतकी वाफ वाया न घालविता दाब कमी करणारी झडप त्यानेच प्रथम प्रचारात आणली, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे न्यायालयाने शोधाची कसोटी निव्वळ यंत्ररचनेच्या नावीन्यात न पाहता ती रचना कामाच्या व्यवहारात टिकण्यात पाहिली. ही कसोटी आपल्या पाठ्यपुस्तकांतील कसोटीपेक्षा अधिक इतिहासनिष्ठ आहे.

५. उपकरणाची मर्यादा आणि समाजाची जबाबदारी

चांगली झडप आणि अचूक दाबमापक मिळाल्याने प्रश्न सुटला काय? मिसिसिपी नदीवरील ‘सुलताना’ ही बोट २७ एप्रिल १८६५ रोजी बॉयलर फुटून जळाली आणि अकराशेहून अधिक लोक प्राणास मुकले. ३७६ जणांची परवानगी असलेल्या या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे होती, आणि तिच्या बॉयलरला घाईने ठिगळ लावलेले होते. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथील बूट कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी झालेल्या स्फोटात ५८ जण ठार झाले. तेथे पत्र्याच्या जोडातील, बाहेरून न दिसणारी चीर कारणीभूत होती. दाबमापक दाब दाखवितो, पत्र्याची दुर्बलता दाखवीत नाही. झडप अतिरिक्त दाब सोडते, पण नेहमीच्या दाबाखाली फुटणारा बॉयलर वाचवू शकत नाही.

म्हणूनच या उपकरणांचा इतिहास तपासणी, विमा आणि कायदा यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. अमेरिकेत फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० च्या दशकात शासकीय साहाय्याने बॉयलर-स्फोटांवर प्रयोग केले. १८५२ च्या कायद्याने प्रवासी बोटींच्या बॉयलरची जलदाब चाचणी आणि एंजिनचालकांचे परवाने अनिवार्य केले. इंग्लंडमध्ये १८५४ मध्ये विल्यम फेअरबर्न आदींच्या पुढाकाराने मँचेस्टर येथे स्फोट-प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, आणि ब्रॉक्टननंतरच्या दशकात, १९१४ मध्ये, अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलर-संहिता संमत केली. भारतात कलकत्त्यातील १८६३ च्या स्फोटानंतर बंगालचा १८६४ चा कायदा आला. अखिल भारतीय कायदा १९२३ मध्ये झाला, आणि त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. यांपैकी बहुतेक पावलांच्या मागे कोठे ना कोठे मृतांची यादी आहे.

६. रूपकाचा प्रवास

सुरक्षा झडप अभियांत्रिकीपुरती राहिली नाही. १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामागे, वाढता असंतोष सुरक्षितपणे बाहेर सोडण्याचा ॲलन ह्यूम यांचा हेतू होता, ही ‘सुरक्षा झडप’ उपपत्ती आपल्या इतिहास व राज्यशास्त्राच्या वर्गांत नित्य शिकविली जाते. लाला लजपतराय यांनी १९१६ मध्ये ‘यंग इंडिया’त ती टीकेच्या अंगाने वापरली. ह्यूम यांनी असंतोषाविषयीच्या गुप्त अहवालांचे सात खंड पाहिले होते, या कथनावर ती बरीचशी उभी आहे. बिपन चंद्र यांनी हे कथन आणि ही उपपत्ती दोन्ही मिथक ठरविली.

प्रस्तुत विवेचनाच्या प्रकाशात एक साम्य नजरेत भरते. ह्यूम यांचे सात खंड म्हणजे या रूपकातील दाबमापक होत, आणि ग्रिनिचप्रमाणे येथेही आकडा सांगणारा साक्षीदार हा रचनाकारच आहे. दुसरे असे की, रूपकात झडप स्वयंचलित व निर्जीव असते आणि लोक म्हणजे केवळ कोंडलेली वाफ. सभेत जमलेल्या माणसांना स्वतःचे विचार व हेतू होते, ही गोष्ट रूपकाच्या बाहेर राहते. ज्या दृष्टीने ग्रिनिचचा मजूर अनामिक केला, तीच दृष्टी या रूपकातही कार्यरत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सुरक्षा उपकरणांच्या इतिहासात शोधाच्या तारखेपेक्षा त्याची गरज कधी व कोणास भासली हे अधिक निर्णायक असते. दुसरी, अपघातांची कथने बहुधा रचनाकार वा मालक यांच्याकडून आलेली असल्याने ती साधनचिकित्सेशिवाय स्वीकारता येत नाहीत. तिसरी, प्रत्येक सुरक्षा-रचनेत माणसाविषयीचे एक गृहीतक दडलेले असते आणि ते उघड करणे हे विज्ञानाच्या इतिहासाइतकेच मानव्यविद्यांचेही काम आहे.

किटलीची गोष्ट वर्गात सांगावयाचीच असेल तर अवश्य सांगावी. मात्र झाकण का उचलले गेले, एवढ्यावर न थांबता ते कोणी दाबून धरले असते तर काय झाले असते, आणि त्याने ते का दाबून धरले असते, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.