परदेशातील टाळेबंदी आणि आमचे लेखन

एखादी आपत्ती ओसरल्यावर तिच्याविषयीचे लेखन बहुधा दोन टप्प्यांनी येते. प्रथम माणसे आपणांवर काय गुदरले ते सांगतात. मग, पुष्कळ दिवसांनी, त्याचा अर्थ काय असे कोणी तरी विचारतो. २०२० सालच्या महासाथीत परदेशी अडकून पडलेल्या आमच्या कुटुंबांविषयी पहिल्या प्रकारचे लेखन मुबलक झाले. दुसऱ्याची चिन्हे मात्र आम्हांस अद्याप फारशी दिसत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार एका थोर कादंबरीच्या शेजारी हे लेखन ठेवून करावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

विषय सामान्य नव्हता. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात भारताने परदेशांतून येणारी प्रवासी विमाने थांबविली. त्याच आठवड्यात, २३ तारखेस, ब्रिटनमध्ये घरीच राहण्याचा आदेश निघाला. ऑस्ट्रेलियाने २५ मार्चपासून आपल्याच नागरिकांना विशेष परवानगीवाचून देश सोडण्यास मनाई केली. ती नोव्हेंबर २०२१ पर्यंत उठली नाही. कुवेतमध्ये १० मेपासून ३० मेपर्यंत संपूर्ण संचारबंदी होती. अडकलेल्यांना आणण्यासाठी 'वंदे भारत' योजनेची पहिली विमाने ७ मे रोजी आखाती देशांतून निघाली. गाव सोडून दूर थाटलेला प्रत्येक संसार एका गृहीतावर उभा असतो : अडीअडचणीला परत जाण्याची वाट उघडी आहे, हे ते गृहीत. वर्षानुवर्षे माणूस त्या वाटेने गेला नाही तरी चालते. पण ती असावी लागते. २०२० च्या मार्चमध्ये कोसळले ते हे गृहीत. आमच्या मते या विषयाचा गाभा येथेच आहे.

आता आमचे लेखन पाहावे. त्यात घरी भाजलेला पाव आहे, ओस रस्त्यावर उतरलेली हरणे आहेत, स्वयंपाकघरातील मेजावर मांडलेले कार्यालय आहे, पडद्यासमोर बसविलेली शाळा आहे. 'कुटुंब पुन्हा एकत्र आले' हा समारोपही ठरलेला. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या मांडणीबद्दल. तपशील एकामागून एक येतात आणि जातात. कोणताही तपशील दुसऱ्यावर प्रकाश टाकीत नाही. दिवसाचे तिन्ही त्रिकाळ रांधणाऱ्या गृहिणीला ते 'एकत्र येणे' कसे वाटले, हा प्रश्न त्या गृहिणीने लिहिलेल्या लेखातही क्वचितच उमटतो. हळवेपणाने लेखणीला जणू आधीच लगाम घातलेला असतो.

आल्बेर काम्यूची 'द प्लेग' ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. महासाथीच्या काळात ती जगभर पुन्हा वाचली गेली ती रोगाच्या वर्णनासाठी. परंतु तिचा खरा विषय ताटातूट हा आहे. काम्यू त्या दुःखास अपरिचित नव्हता. १९४२ साली क्षयाच्या उपचारासाठी तो फ्रान्समधील डोंगराळ भागात राहिला होता. पत्नी फ्रान्सीन पुढे ओरानला परतली, आणि त्या नोव्हेंबरात दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरताच मधला समुद्र बंद झाला. पुढे सुमारे दोन वर्षे पतिपत्नींची भेट झाली नाही. कादंबरीतील ओरान शहराचे दरवाजे मिटतात तेव्हा पत्रेही बंद होतात, कारण ती रोग नेतील ही भीती. उरते ती तार. आयुष्यभराचा सहवास तारेच्या चार ठराविक शब्दांत कोंबताना माणसांचे शब्दच कसे झिजून जातात, हे काम्यू अत्यंत थंड हाताने दाखवितो.

या कादंबरीतील एक लहानसा प्रसंग आमच्या लेखकांनी अवश्य पाहावा. वृद्ध डॉक्टर कास्तेल यांची पत्नी साथीपूर्वी परगावी गेलेली असते. बाहेरच्यांना आत येण्याची मुभा असते. पुन्हा बाहेर पडण्याची नसते. ती परत येते. त्यांचे लग्न काही आदर्श नव्हते. आपण एकमेकांवर समाधानी आहो अशी त्यांची खात्रीही नव्हती. ताटातूट झाल्यावरच त्यांना कळते की एकमेकांवाचून आपणांस राहवत नाही. काम्यू अवघ्या एका परिच्छेदात हे आटोपतो. 'कुटुंब पुन्हा एकत्र आले' या आमच्या वाक्यात जे नाही ते येथे आहे : एकत्र येण्याची किंमत.

यावर कोणी म्हणेल, काम्यूच्या पात्रांना तार होती, आमच्यापाशी तर बोलता-दिसता पडदा होता. मग ही तुलना कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरच आमच्या लेखकांची खरी सामग्री आहे. तारेने माणूस दिसत नसे, म्हणून तो मनात तरी धरून ठेवावा लागे. पडद्यावर आई दिसते, तिचा श्वासही ऐकू येतो, आणि तिच्या उशाशी बसता येत नाही. मेलबर्नच्या मुलाने बेळगावच्या बापाचे अंत्यदर्शन हातातल्या काचेत घ्यावे, आणि त्याच काचेवर तासाभराने कचेरीची सभा सुरू व्हावी, हा अनुभव काम्यूच्या पिढीला ठाऊक नव्हता. तो कोणी निर्भयपणे लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

काम्यूचा दोषही येथे सांगितला पाहिजे, कारण तो आमचाही आहे. पत्रकार राँबेर ओरानला येतो तो तेथील अरबांच्या राहणीची पाहणी करण्यासाठी. पुढे तो स्वतः अडकतो, पळून जाण्याच्या खटपटी करतो, आणि एकट्याने सुखी होण्याची लाज वाटून राहतो. ही सारी कथा सुंदर आहे. पण ज्यांच्यासाठी तो आला ते अरब कादंबरीतून जवळजवळ नाहीसे होतात. आखातातील आमच्या लेखनाचेही असेच झाले. कुवेतमध्ये ६ एप्रिल २०२० रोजी जलीब आणि महबूला या, परदेशी मजुरांनी गजबजलेल्या, वस्त्या चहूंकडून बंद करण्यात आल्या. एकेका खोलीत अनेक जण राहणाऱ्या त्या मजुराला घरी राहण्याचा उपदेश कसा ऐकू आला असेल? त्याचाही संसार होता. तो फक्त हजारो मैल दूर, त्याने धाडलेल्या पैशांवर चालत होता. आमच्या गच्चीवरच्या लेखकाला तो दिसला नाही.

या बाबतीत गोमंतकापाशी एक जुनी ठेव आहे. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्या गोंयकारांनी गावोगावच्या 'कुडी' थाटल्या. बोटीवर जाणारा खलाशी तेथेच आपली पेटी ठेवून समुद्रावर निघे. आणि कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोगही १८९२ साली मुंबईतच झाला. म्हणजे हा प्रकार जन्मला तोच परगावी राहणाऱ्यांच्या पोटी. हसवता-हसवता टोचणारी त्यातली कांतारां घरच्यांना आणि सरकारला एकाच सुरात खडसावू शकतात. अश्रू आणि उपहास यांची अशी जवळीक आमच्या मराठी गद्याला क्वचितच साधते. २०२० साली घाटावर व आखातात अडकलेल्यांची कथा लिहू पाहणाऱ्याने तियात्राकडून हे एवढे तरी शिकावे.

आठवणी आता विरू लागल्या आहेत. त्या वेळी चार-पाच वर्षांची असलेली मुले लवकरच विचारतील की आजीला शेवटचे भेटायला आपण का गेलो नाही. त्यांना पावाची कृती सांगून भागणार नाही.